गाणं डोळ्यांनी ऐकताना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आजचा विषय डोळ्यांचा आहे, आणि तो मांडायचा आहे अशा माध्यमातून, जिथं डोळ्यांना काहीच काम नसतं. म्हणून सुरुवात एका तारखेनं करतो. १ ऑगस्ट १९८१. त्या दिवशी अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तास गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिच्यावर पहिलं गाणं दाखवलं गेलं ते ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. बगल्स नावाच्या ब्रिटिश जोडीचं हे १९७९ सालचं गाणं. व्हिडिओनं रेडिओच्या ताऱ्याचा जीव घेतला, असा त्या नावाचा अर्थ. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षं झाली. रेडिओ काही गेला नाही, हे तुम्ही आत्ता ऐकताच आहात. पण त्या नावामागची धास्ती अगदीच खोटी होती, असंही म्हणता येत नाही.

गाणं नुसतं ऐकलं, की प्रत्येकाच्या मनात आपापलं चित्र उभं राहतं. कुणाला गावाकडची नदी दिसते, कुणाला एस.टी.ची खिडकी, कुणाला कधीच न भेटलेलं माणूस. हजार श्रोते असतील तर हजार चित्रं. त्याच गाण्याचा व्हिडिओ आला, की हजारांच्या मनात एकच चित्र जाऊन बसतं आणि मग ते सहसा हलत नाही. आपली मोकळी जागा दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते. ती भरू नये असं मी म्हणणार नाही. काही जणांनी ती इतकी सुंदर भरली आहे, की त्यांचे आभारच मानावेत. पण ती कशी भरली जाते, हे आपल्याला कळलं पाहिजे. व्हिडिओची एक भाषा असते. आपण ती रोज पाहतो, पण वाचायला कुणी शिकवत नाही. आज तिची बाराखडी थोडी गिरवू या.

गाणं आधी, चित्र नंतर

आपल्याला ही कला परकी नाही. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सचा ‘धूप छाँव’ हा बोलपट १९३५ साली आला आणि हिंदी चित्रपटात पार्श्वगायन सुरू झालं. गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग सेटवर ते कर्ण्यातून वाजवायचं आणि नटानं त्याबरहुकूम ओठ हलवायचे. एमटीव्ही सुरू होण्याआधी साडेचार दशकं आपले दिग्दर्शक हेच काम करत होते. फक्त त्याला व्हिडिओ न म्हणता ‘गाण्याचं चित्रीकरण’ म्हणत होते, एवढंच.

या पद्धतीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चित्रपटातला साधा प्रसंग किती लांब ठेवायचा, हे दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात. गाण्यात ती सोय नाही. तिथं वेळ आधीच ठरून आलेला असतो. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. लय ठरलेली, मुखडा कुठं येणार ते ठरलेलं, अंतऱ्याआधीचे वाद्यांचे तुकडे ठरलेले. तबल्याचा ठेका चालू झाला की गायकाला समेवर यावंच लागतं, तसं दिग्दर्शकाला गाण्याबरोबर चालावं लागतं. मग त्याच्या हातात काय उरतं? ओठ कुणाचे दाखवायचे, दृश्य कुठं तोडायचं, गती किती ठेवायची, आणि कॅमेऱ्यानं कुणाकडे कशा नजरेनं पाहायचं. व्हिडिओची भाषा म्हणजे बहुतेक या चार गोष्टी. एकेक घेऊ.

ओठ कुणाचे?

पहिला प्रश्न, गाणं कोण गातंय? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर बदललं की सगळंच बदलतं. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ सालचा. त्यातलं ‘वक्त ने किया’ हे गाणं आठवा. आवाज गीता दत्त यांचा, पण पडद्यावर कुणीच गात नाही. रिकाम्या स्टुडिओत दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी आहेत. दोघांचे ओठ मिटलेले. वरून प्रकाशाचा एक जाड झोत तिरका खाली येतो आणि त्या झोतात या दोघांच्या जणू सावल्याच शरीरं सोडून एकमेकांकडे निघतात. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी हा झोत उभा केला तो मोठ्या आरशांनी उन्हाची तिरीप स्टुडिओत वळवून. पुढं दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायालेखक ठरले. ओठ मिटलेले असल्यामुळे त्या गाण्यातले शब्द त्या दोघांपैकी एकाचे राहत नाहीत. दोघांना जे बोलता येत नाही, ते कुणीतरी तिसरंच बोलतंय असं वाटतं. तेच गाणं नायिकेच्या तोंडी घातलं असतं, तर ती एक तक्रार झाली असती.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण १९९० चं. आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिचं ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’. दिग्दर्शक जॉन मेबरी. पॅरिसजवळच्या एका बागेतून ती चालते आहे, अशी काही दृश्यं मधूनमधून येतात, पण बहुतेक सगळं गाणं म्हणजे तिचा एकच चेहरा. काळी पार्श्वभूमी, बारीक कापलेले केस आणि थेट आपल्याकडे पाहणारे डोळे. गाण्याच्या शेवटाकडे त्या डोळ्यांतून दोन अश्रू गालांवर ओघळतात. ते ठरवून आणलेले नव्हते. गाता गाता तिला गेलेल्या आईची आठवण आली होती. गाण्याचे शब्द प्रियकराच्या विरहाचे. पण तो चेहरा इतका जवळून पाहिल्यावर ते दुःख नेमकं कुणाचं, असा हिशेब आपण मांडत बसत नाही.

आणि तिसरी तऱ्हा बॉब डिलनची. १९६५ साली लंडनच्या एका गल्लीत तो उभा आहे. गाणं त्याचंच वाजतंय, पण तो गात नाही. हातात पुठ्ठ्याच्या पाट्यांचा गठ्ठा. गाण्यातले निवडक शब्द त्यांवर लिहिलेले, काही मुद्दाम चुकीचे. शब्द ऐकू आला की पाटी दाखवायची आणि खाली टाकायची. गायकानं गायचं नाही असं ठरवलं, तर प्रेक्षक शब्दांकडे जास्त लक्ष देतो, ही गंमत त्याला आणि चित्रीकरण करणाऱ्या पेनबेकर यांना कळली होती. आज फोनवर गाण्याचे शब्द उमटणारे जे व्हिडिओ आपण पाहतो, त्यांचे हे आजोबा म्हणायला हरकत नाही.

समेवर की समेआधी?

दुसरी गोष्ट, दृश्य कुठं तोडायचं. संकलनाच्या भाषेत याला कट म्हणतात. संगीत ऐकणाऱ्याला हे तालाच्या भाषेत चटकन समजेल. तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन असतं. पहिली मात्रा ही सम आणि नववीला खाली. गायक समेवर आला की बैठकीतल्या माना डोलतात. व्हिडिओत कट अगदी समेवर पडला की डोळ्यांना तसंच समाधान मिळतं. पण प्रत्येक वेळी समेवरच कट पडायला लागला, की दोन कडव्यांत कंटाळा येतो. म्हणून जाणता संकलक कधी सम चुकवतो, कधी तिच्या किंचित आधी तोडतो, आणि कधी चार आवर्तनं तोडतच नाही.

न तोडण्याचा नमुना पाहायचा असेल तर विजय आनंद यांचा १९६५ चा ‘गाईड’ पाहा. ‘तेरे मेरे सपने’ हे गाणं त्यांनी अगदी मोजक्या, लांबच लांब शॉट्समध्ये चित्रित केलं. छायालेखक फली मिस्त्री. उजेड मावळत्या दिवसासारखा मऊ. देव आनंद आणि वहिदा रेहमान जवळ येतात, दूर जातात, कॅमेरा त्यांच्याबरोबर सावकाश सरकतो. गाण्यात नायक आधार देतो आहे आणि दुखावलेली नायिका हळूहळू त्याच्यावर विश्वास टाकते आहे. विश्वास बसायला वेळ लागतो. तो वेळ तोडला असता, तर विश्वासही तुटक वाटला असता. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा असा प्रवास होईपर्यंत आपण दोघांना एकाच हवेत, एकाच उजेडात पाहत राहतो. इथं कट न करणं हीच दिग्दर्शकाची जागा आहे, गवई घेतो तशी.

कटांची घाई असेल तर ती वाईटच, असं मात्र समजू नका. मणिरत्नम यांच्या १९९८ च्या ‘दिल से’मधलं ‘छैंया छैंया’ हे गाणं पाहा. निलगिरीच्या डोंगरातली छोटी आगगाडी, टपावर नाचणारी माणसं, ए. आर. रहमान यांचं संगीत, फराह खान यांचं नृत्यदिग्दर्शन आणि संतोष सिवन यांचा कॅमेरा. इथं कट बरेच आहेत. पण गाडी खरोखर चालते आहे, मागून डोंगर, बोगदे, पूल सरकताहेत. प्रत्येक तुकड्यात तोच वारा आणि तीच गाडी असल्यामुळे तोडलेले तुकडे आपोआप जोडले जातात. शिवाय आगगाडीला स्वतःचा ठेका असतो, आणि तो गाण्याच्या ठेक्याशी जुळतो. आता याच्याशेजारी एखादा असा व्हिडिओ ठेवा, ज्यात दर सेकंदाला जागा, कपडे, देश बदलतो. तिथं कट बहुधा काहीतरी झाकत असतो. नाच कच्चा असेल, अभिनय नसेल, किंवा गाण्यातच सांगण्यासारखं काही नसेल. कट मोजायला लागा, तुम्हाला आपोआप कळेल.

गतीची करामत

तिसरी गोष्ट गतीची. तुम्ही असे व्हिडिओ पाहिले असतील, ज्यात समुद्राच्या लाटा, केस, पावसाचे थेंब सगळं मंद गतीनं चाललंय, पण गायकाचे ओठ मात्र गाण्याबरोबर बरोबर जुळताहेत. हे कसं होतं? सगळंच मंद केलं तर ओठही मागे पडायला हवेत.

युक्ती सोपी आहे, मेहनत मात्र गायकाची. पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवायची असतील, तर चित्रीकरण पन्नासानं करायचं. म्हणजे दाखवताना सगळी हालचाल निम्म्या वेगानं दिसते. आणि चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. गायकानं त्या दुगुणीत ओठ हलवायचे. पडद्यावर गती निम्मी झाली की ओठ मूळ लयीत येतात आणि बाकी सगळं जग सावकाश चालतं. कोल्डप्ले या इंग्लिश बँडचं २००० सालचं ‘यलो’ असंच चित्रित केलं आहे. इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा समुद्रकिनारा, ओली हवा, आणि एकटा गायक ख्रिस मार्टिन वाळूवरून चालत येतो आहे. एकच अखंड शॉट. त्या माणसाची लय आणि भोवतालच्या जगाची लय वेगळी आहे, हे आपल्याला जाणवतं. का जाणवतं, ते मात्र सहज लक्षात येत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला नेमकं असंच वाटत असतं, ते शब्दांत सांगण्याची गरज उरत नाही.

त्याच बँडनं २००२ साली ‘द सायंटिस्ट’ या गाण्यात काळ उलटा फिरवला. दिग्दर्शक जेमी थ्रेव्स. गायक रस्त्यावरून मागे मागे चालत जातो आणि आपण एका मोटार अपघातापर्यंत, त्याच्याही आधीच्या हसऱ्या क्षणापर्यंत पोचतो. चित्र उलटं चालवायचं आणि ओठ मात्र सुलटे दिसायला हवेत. त्यासाठी ख्रिस मार्टिननं अख्खं गाणं उलट्या उच्चारांत पाठ केलं. त्याला सुमारे महिना लागला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली तर, ही त्या गाण्यातली इच्छा. व्हिडिओनं ती इच्छा चित्रात पुरवून दाखवली, आणि म्हणूनच ती पुरणार नाही हे आपल्याला अधिक लागतं.

आपल्याकडचं उदाहरण नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’चं. अजय-अतुल यांनी त्यातल्या संगीतासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा सिंफनी वाद्यवृंद वापरला. पडद्यावर मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा परिसराचं रान, ऊन आणि धूळ. व्हायोलिनचा एवढा मोठा थाट आपण आजवर राजवाडे, बर्फाचे डोंगर नाहीतर परदेशातल्या बागा यांच्याबरोबरच ऐकत आलो होतो. तो थाट गावातल्या पोरा-पोरीच्या प्रेमाला मिळाला, मंद गतीनं मिळाला, तेव्हा एक गोष्ट न बोलता सांगितली गेली. या मुलांचं प्रेमही तेवढंच मोठं आहे. छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्यानं त्या रानाला जो मान दिला, तो बघून राज्यातल्या कितीतरी मुलांना आपलं गाव पहिल्यांदाच सुंदर दिसलं असेल.

वाद्य दिसतं कसं?

चौथ्या गोष्टीकडे जाण्याआधी एका फ्रेंच दिग्दर्शकाचा उल्लेख करायलाच हवा. मिशेल गोन्द्री. १९९७ साली डाफ्ट पंक या जोडीच्या ‘अराउंड द वर्ल्ड’ या गाण्यासाठी त्यानं एक गोल रंगमंच आणि पाच प्रकारचे नर्तक घेतले. यंत्रमानव म्हणजे गाण्यातला यंत्रातून आलेला आवाज. उंच खेळाडू म्हणजे खर्जातली बास गिटार. ती खाली उतरली की ते पायऱ्या उतरतात, वर चढली की चढतात. सांगाडे म्हणजे गिटार, पोहण्याच्या पोशाखातल्या मुली म्हणजे कळफलकाचं वाद्य, आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममी म्हणजे तालयंत्र. गाण्यात जे वाद्य वाजतं, तेच माणूस होऊन हलतं. एकदा पाहिल्यावर पुन्हा नुसतं ऐकताना आपल्याला ती वाद्यं वेगवेगळी ओळखता येतात. डोळ्यांनी कानाला शिकवलं, असा हा प्रकार.

२००२ सालच्या ‘स्टार गिटार’ या केमिकल ब्रदर्सच्या गाण्यात तर माणूसच नाही. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं फ्रान्सचं दृश्य आहे, बस्स. पण नीट पाहिलं की लक्षात येतं, ठेक्याचा प्रत्येक ठोका पडतो तेव्हा एक खांब सरकतो, दुसरा ध्वनी येतो तेव्हा एक इमारत. नवीन वाद्य आलं की देखाव्यात नवीन वस्तू येते. हे गणित जुळवण्यासाठी गोन्द्रीनं घरातल्या पेले, काटे, संत्री, पुस्तकं अशा वस्तू ओळीनं मांडून गाण्याचा नकाशा केला होता. आपल्याकडे तबलजी हाताच्या बोटांवर बोल मोजतो, तसाच हा मामला. खर्च कमी, विचार जास्त.

नजर कुणाची?

आता चौथी गोष्ट. कॅमेऱ्याची नजर. मला ही सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे बैठकीची लावणी आहे. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतींनी ती जपली आणि वाढवली. त्यात गायिका बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. प्रत्येक वेळी डोळे, भुवया, हात यांतून तिचा वेगळा अर्थ दाखवते. कधी रुसवा, कधी थट्टा, कधी आव्हान. ओळ तीच, अर्थ दहा. शृंगार भरपूर असतो, पण अर्थ कोणता दाखवायचा हे ठरवणारी ती असते. बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती हे करते.

आता २००२ सालाकडे या. तेव्हा जुन्या हिंदी गाण्यांच्या रिमिक्सची लाट आली होती. १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातलं, राहुलदेव बर्मन यांनी संगीत दिलेलं आणि लता मंगेशकर यांनी गायलेलं ‘काँटा लगा’ हे गाणं नव्या ठेक्यावर, नव्या आवाजात आणि नव्या चित्रांसह बाजारात आलं. चाल तीच, शब्द तेच. चित्र बदललं आणि गाण्याचा अर्थ बदलला. मूळ गाण्यात खेड्यातल्या पोरीचा खट्याळपणा होता, नव्या व्हिडिओत नाचघर होतं. तेव्हा त्यावर खूप वाद झाला. कुणी अश्लील म्हणालं, कुणी नव्या पिढीची चाल म्हणालं. त्या वादात एक साधा धडा मागे पडला. शब्दाला एवढाही हात न लावता गाण्याचा अर्थ बदलता येतो, आणि तो बदलणारा माणूस कवी नसतो, संगीतकार नसतो, गायकही नसतो. तो कॅमेऱ्यामागे असतो.

त्या लाटेत आलेल्या अनेक व्हिडिओंत कॅमेरा नाचणाऱ्या मुलीकडे कसा पाहतो, हे तपासा. कंबर एका तुकड्यात, ओठ दुसऱ्या तुकड्यात, पाय तिसऱ्यात. चेहरा पुरा दिसेपर्यंत कट पडलेला असतो. लावणीतली बाई डोळे भिडवून अर्थ ठरवते. इथं मुलीला डोळे भिडवायला वेळच मिळत नाही. तिचे तुकडे कुणी पाडायचे आणि किती, हे दुसराच कुणी ठरवतो. कपडे किती होते या चर्चेपेक्षा चेहऱ्याला किती सेकंद मिळाले, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. पूर्ण कपड्यांतल्या नायिकेचाही असाच अपमान करता येतो, आणि केला जातो.

यावरचं एक मिस्कील उत्तर १९९८ साली दलेर मेहंदी यांनी दिलं. त्यांची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, अशी टीका होत होती. त्यांनी ‘तुनक तुनक तुन’च्या व्हिडिओत एकही मुलगी ठेवली नाही. दुसरा माणूसच ठेवला नाही. संगणकाच्या मदतीनं चार वेशांतले चार दलेर मेहंदी एकाच पडद्यावर नाचवले आणि मागे कृत्रिम डोंगर, वाळवंट उभे केले. गाणं पंजाबी न समजणाऱ्या देशांतही जाऊन पोचलं. व्हिडिओत दिखाऊ मुली लागतातच, असं म्हणणाऱ्या निर्मात्यांना तेव्हापासून एक उत्तर तयार आहे.

पैसा, फोन आणि हरवलेला अंतरा

व्हिडिओ म्हणजे मोठा खर्च, हीसुद्धा एक समजूत आहे. क्वीन या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ चं. त्यातला ऑपेरासारखा अनेक आवाजांचा भाग प्रत्यक्ष कार्यक्रमात सादर करणं अवघड होतं, म्हणून दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी सुमारे चार तासांत चित्रीकरण उरकलं. अंधारातून वर पाहणारे चार चेहरे आजही लोकांच्या लक्षात आहेत. १९८३ साली मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’साठी जॉन लँडिस यांनी जवळजवळ चौदा मिनिटांचा चित्रपटच केला. दोन्ही टिकले. चार तासांतही होतं आणि चौदा मिनिटांतही होतं, कल्पना असली तर. आपल्याकडे वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं ‘ऐका दाजिबा’ आलं, तेव्हा मराठी गाणंही चित्रपटाबाहेर, स्वतःच्या व्हिडिओच्या बळावर घराघरांत जाऊ शकतं, हे दिसलं.

मग २००५ साली यूट्यूब आलं. डिसेंबर २०१२ मध्ये कोरियाच्या सायचं ‘गंगनम स्टाईल’ तिथं एक अब्ज वेळा पाहिलं गेलेलं पहिलं गाणं ठरलं. आता पडदा हातात आहे आणि बहुतेक वेळा उभा आहे. या उभ्या चौकटीचा परिणाम लहान समजू नका. आडव्या चौकटीत दोन माणसं दोन टोकांना उभी करता येतात, मधलं अंतर दाखवता येतं. ‘कागज के फूल’मधली ती दोन माणसं फोनच्या उभ्या चौकटीत एकदम मावणारच नाहीत. त्यांच्यातलं अंतर दाखवायला जागाच नाही. उभ्या चौकटीत एक माणूस छान मावतो. म्हणून तिथं एकेकटी माणसंच जास्त दिसतात, स्वतःकडे पाहणारी.

आणि तिथं गाणंही चार मिनिटांचं उरत नाही. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा उचलला जातो, बहुधा मुखडा. अंतऱ्यापर्यंत कुणी जातच नाही. आपल्या भावगीतांत, चित्रपटगीतांत खरी गोष्ट पुष्कळदा अंतऱ्यात असते. मुखड्यात प्रश्न असतो, अंतरे त्याचं उत्तर शोधतात आणि परत आलेला मुखडा तोच असूनही वेगळा वाटतो. नुसता मुखडाच हजार वेळा पाहणाऱ्या मुलाला हे परत येणं कधी कळणारच नाही. त्याला गाणं पाठ असेल, पण गाण्याची गोष्ट माहीत नसेल. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. त्यांना पूर्ण गाणं समोर बसवून कुणी ऐकवलंय का, हा प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

तीन वेळा पाहा

शेवटी एक साधा प्रयोग सुचवतो. घरात मुलं असतील तर त्यांच्याबरोबर करा, मजा येईल. कोणताही आवडता व्हिडिओ घ्या आणि तीन वेळा पाहा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. ओठ कुणाचे हलतात, कट किती पडतात, चेहऱ्याला किती वेळ मिळतो, हे फक्त मोजा. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका. कोणती वाद्यं आहेत, अंतरा काय म्हणतो आहे, तुमच्या मनात कोणतं चित्र येतं, ते बघा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. मग मुलांना एकच प्रश्न विचारा. डोळे मिटल्यावर जे कळलं नव्हतं, असं काही चित्रानं सांगितलं का?

सांगितलं असेल, तर तो व्हिडिओ करणाऱ्यानं गाण्याचं खरंच ऐकलं होतं. काहीच सांगितलं नसेल, तर गाणं फक्त पार्श्वभूमीला होतं आणि विकायचं होतं ते दुसरंच काही. दहा वर्षांचं मूलसुद्धा हा फरक ओळखतं. एकदा ओळखायला लागलं, की त्याला ‘हे बघू नकोस’ असं सांगावं लागत नाही. ते आपणहून पुढं सरकतं.

आणि काही गाणी मात्र मुद्दाम न पाहिलेली ठेवा. दोन, चार, दहा. त्यांचा व्हिडिओ असला तरी शोधू नका. रात्री दिवा मालवून ती ऐका. तिथली नदी तुमची असेल, एस.टी.ची खिडकी तुमची असेल, आणि त्या चित्रात काय ठेवायचं, काय काढायचं, ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी ठरवणार नाही.